आभाराची स्लाइड

सार्वजनिक कार्यक्रमात कोणाला कोणतं काम मिळतं, यावरून त्याची पायरी कळते. अध्यक्ष व्हायला वय लागतं. प्रमुख पाहुणा व्हायला निदान दुसऱ्या गावात राहावं लागतं. सूत्रसंचालकाला आवाज लागतो आणि दहाबारा शेर पाठ लागतात. आभार मानायला मात्र काहीच लागत नाही. त्यामुळे आमच्या सोसायटीत, वाचनालयात आणि ज्येष्ठ नागरिक संघात ते खातं वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. मी माइकसमोर उभा राहिलो की सगळं सभागृहही उभं राहतं. आदरानं नव्हे, चपला शोधायला. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, ऐन वेळी सतरंज्या देणारे शेजारी अशी नावं मी घेत असतो आणि मागे खुर्चीवर खुर्ची चढल्याचे आवाज येत असतात.

माझी भाची जीवरसायनशास्त्रात संशोधन करते. पुण्यातल्या एका वैज्ञानिक परिषदेत तिचं पोस्टर लागणार होतं. विषय होता ब-जीवनसत्त्वं, चयापचय आणि माणसाचं आरोग्य. ‘मामा, तूही चल. तुझ्या त्या बी-१२ च्या गोळ्यांवरच सगळं आहे,’ ती म्हणाली. माझ्या वयाच्या माणसाच्या गोळ्यांविषयी घरातसुद्धा कोणी आपण होऊन बोलत नाही. इथे तर देशोदेशीची माणसं विमानानं येऊन बोलणार होती. शिवाय जेवणाचं कूपन होतं. मी गेलो.

तिथे गेल्यावर मला पहिल्यांदा काय कळलं असेल तर हे, की शास्त्रज्ञ आभारप्रदर्शनाचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारत नाहीत. प्रत्येक वक्ता ते आपलं आपण उरकतो, शेवटच्या स्लाइडवर. एका बाजूला पैसे देणाऱ्या संस्थांची बोधचिन्हं, दुसऱ्या बाजूला सिंहगडावर भजी खाणाऱ्या सहकाऱ्यांचा फोटो आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत नावं. ती येईपर्यंत सत्राध्यक्षांनी घंटी वाजवलेली असते, त्यामुळे वक्ता ‘थँक यू’ म्हणतो तो तिथून निघत निघतच. मग तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठतात, ‘प्रश्न नाही, एक छोटी कॉमेंट आहे’ म्हणतात आणि व्याख्यानाएवढं बोलतात. तेवढा वेळ ती स्लाइड पडद्यावर तशीच असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी पाहत होतो, कारण धंद्यातली गोष्ट होती. एका स्लाइडच्या अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘अभ्यासात सहभागी झालेल्या माता आणि त्यांची मुलं.’ नावं नव्हती. शेकडो माणसांची नावं स्लाइडवर मावणार कशी? पण मला त्या ओळीनं घेरलं. मग दोन्ही दिवस मी व्याख्यानं ऐकली ती, या विषयात आभार नेमके कोणाचे मानायचे राहिलेत, याची मनात यादी करत.

यादी करायची तर आधी मंडळी कोण, ते बघायला हवं. ब-जीवनसत्त्वं आठ. पण क्रमांक बारापर्यंत जातात. एक, दोन, तीन, मग एकदम पाच; सहा आणि सात, मग नऊ आणि शेवटी बारा. एखाद्या जुन्या चाळीत चार, आठ, दहा आणि अकरा नंबरच्या खोल्यांना कुलूप असावं, तसं. भाचीनं खुलासा केला. या खोल्यांतही कोणेकाळी बिऱ्हाडं होती. पुढे चौकशी झाली तेव्हा कुणाच्या बाबतीत कळलं, हा पदार्थ शरीर स्वतःच तयार करतं. कुणाच्या बाबतीत कळलं, हा तर शेजारच्याच खोलीतला माणूस वेगळ्या नावानं राहतोय. जागा काढून घेतल्या, पण उरलेल्यांचे नंबर बदलायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. सार्वजनिक कामात हा शहाणपणा फार मोलाचा असतो.

दुपारच्या जेवणात जिरा राईस होता. पांढराशुभ्र, लांब दाण्याचा, पॉलिश केलेला. सकाळचं पहिलं सत्र बी-१ वर, म्हणजे थायमिनवर झालं होतं. भातातल्या पिष्टापासून शरीराला ऊर्जा काढायची तर थायमिन लागतंच. जितका भात जास्त, तितकी त्याची गरज जास्त. ते असतं दाण्याच्या कोंड्यात आणि अंकुरात, म्हणजे आपण पांढरेपणासाठी जे काढून टाकतो नेमकं त्याच भागात. हे सत्र चालवणारे गृहस्थ माझ्यापुढे रांगेत उभे होते आणि डाव भरभरून तोच भात ताटात घेत होते. शेवटी गुलाबजामही होते. त्यांच्याविषयी मी काही लिहीत नाही. इन्शुलिनवर बोलणाऱ्या बाईंनी दोन घेतले, एवढं पुरे.

या भातापाशीच माझ्या यादीतलं पहिलं नाव येतं, आणि त्याला नावच नाही. डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन जावा बेटावरच्या बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचा जंतू शोधत होते. या रोगात पाय लुळे पडतात किंवा सुजतात, शेवटी हृदय थकतं. जंतू काही सापडेना, पण प्रयोगशाळेच्या कोंबड्या मात्र झोकांड्या देऊ लागल्या. आणि काही महिन्यांनी कसलाही उपचार न होता बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं, की कोंबड्या सांभाळणारा माणूस काटकसर म्हणून लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घालत होता. मग तिथला आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं ठणकावलं, की लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना मिळणार नाही. कोंबड्या पुन्हा साध्या, बिनसडीच्या तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. १९२९ साली आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या नोबेल व्याख्यानात हा आचारी आहे, पण नुसता ‘आचारी’ म्हणून.

मी विचार करतो, हा माणूस जरा मनमिळाऊ असता तर? ‘न्या हो, भातच तर आहे,’ म्हणाला असता तर? सरकारी मालाबद्दलची असली ताठ, नियमावर बोट ठेवणारी वृत्ती आपल्याला खिडकीच्या अलीकडून फार छळते. पण एका खात्याचा तांदूळ दुसऱ्या खात्याला न देण्याच्या हट्टातून एका विज्ञानाचा उगम झाला, ही गोष्ट एखाद्या तालुक्याच्या कचेरीत फ्रेम करून लावायला हरकत नाही. साहेबांना आणखी जोर येईल हा धोका आहे, पण सत्य ते सत्य.

आइकमन यांना सुरुवातीला वाटलं, की भातात काही विष असावं आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्यांच्या जागी आलेल्या गेरित ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये खरं ते सांगितलं: भातात काही वाईट नाही, काहीतरी चांगलं कमी आहे. ग्राइन्स यांना नोबेल मिळालं नाही. त्यांच्याही आधी आडोल्फ फोर्डरमान नावाच्या अधिकाऱ्यानं जावातले शंभरावर तुरुंग तपासून कोणत्या तुरुंगात कसला तांदूळ शिजतो याची नोंद काढली. पांढरा भात खाणाऱ्या कैद्यांत दर एकोणचाळीस जणांमागे एकाला बेरीबेरी होती. तांबडा, कोंड्यासकट तांदूळ खाणाऱ्यांत दर दहा हजारांमागे एखाद्याला. हे एकोणचाळिसावे कैदी माझ्या यादीत आहेत. त्यांची शिक्षा चोरीमारीची होती, भोगली त्यांनी भाताची.

जपानचे आरमारी डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांची गोष्ट तर परीक्षकांनी वाचावी अशी. १८८२-८३ मध्ये ‘र्‍यूजो’ हे जहाज लांबच्या सफरीवर गेलं. ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली, २५ दगावले. ताकाकींनी हट्टानं दुसरं जहाज त्याच मार्गानं पाठवायला लावलं, पण शिधा बदलून. त्यात मांस आलं, दूध आलं, पाव आला. या खेपेला बेरीबेरीनं कोणीही मेलं नाही. ताकाकींचं म्हणणं होतं, प्रथिनं वाढवली म्हणून गुण आला. कारण चुकीचं, उत्तर बरोबर. आमच्या वेळच्या गणिताच्या सरांनी अशा पेपरला शून्य दिलं असतं. आरमारानं पैकीच्या पैकी दिले आणि खलाशी जगवले.

जेवताना शेजारी बसलेले कोकणातले एक प्राध्यापक ताटातला भात बोटानं सरकवत म्हणाले, ‘आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज. हा प्रश्नच नव्हता.’ कोकणी माणूस इतक्या थोडक्यात इतकं बरोबर बोलतो, तेव्हा मला नेहमी तपासून घ्यावंसं वाटतं. पण तो खरंच बोलत होता. साळ आधी उकडली की कोंड्यातलं थायमिन दाण्यात मुरतं, मग वरून कितीही सडा. १९०५ साली क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात विल्यम फ्लेचर यांनी काही रुग्णांना उकडा तांदूळ आणि काहींना साधा पांढरा तांदूळ देऊन पाहिला. उकडा खाणाऱ्यांत बेरीबेरी जवळपास दिसलीच नाही. तिकडे त्या तांदळाला ‘इंडियन राइस’ म्हणत. तेव्हा पहाटे उठून साळ उकडणाऱ्या, चुलीच्या धुरानं डोळे चोळणाऱ्या साऱ्या आज्या यादीत घेतल्या. त्यांनी हे थायमिनसाठी केलं नव्हतं. पण मी ज्यांचे आजवर आभार मानले त्यांतल्या बहुतेकांनी सतरंज्यासुद्धा साहित्यसेवेसाठी दिल्या नव्हत्या.

थायमिन कृत्रिमरीत्या तयार केलं रॉबर्ट विल्यम्स यांनी, १९३६ मध्ये. हे जन्मले आंध्रातल्या नेल्लोरला, मिशनरी आईबापांच्या पोटी. १९१० च्या सुमाराला मनिलात नोकरी करत असताना त्यांनी काढलेला कोंड्याचा अर्क बेरीबेरीनं मरणाला टेकलेल्या एका तान्ह्या बाळाला पाजण्यात आला. बाळ सावरलं. विल्यम्स पुढे अमेरिकेत टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत रसायनविभागाचे प्रमुख झाले, पण ते बाळ त्यांच्या मनातून गेलं नाही. दिवसा टेलिफोनचं काम आणि उरलेल्या वेळात कोंड्याचं, असं त्यांनी पंचवीसएक वर्षं चालवलं. धाकटे बंधू रॉजर जन्मले उटीला. त्यांनी बी-५ शोधून काढलं आणि १९४१ मध्ये दोन सहकाऱ्यांसह चार टन पालकातून फॉलिक आम्ल वेगळं केलं. एकाच घरात तीन जीवनसत्त्वं! दिवाळीला जमल्यावर या घरात कोणाचा मुलगा काय करतो, हा विषय निघाला की बाकीच्या नातेवाइकांचं काय होत असेल?

फॉलिक आम्लाची खरी गोष्ट मात्र पालकाच्या दहाबारा वर्षं आधी, आपल्या मुंबईत घडली होती. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणी एक विलक्षण रक्तक्षय व्हायचा. तांबड्या पेशी कमी, पण आकारानं मोठ्या. बाईंनी त्यांच्या घरात काय शिजतं ते पाहिलं, तसलाच निकृष्ट आहार परळच्या हाफकिन संस्थेत आधी उंदरांना आणि मग माकडांना दिला. नाना उपाय झाले. शेवटी एका माकडाला मार्माइट चाटवलं आणि ते टवटवीत झालं. मार्माइट म्हणजे बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून केलेला काळा, खारट, चिकट पदार्थ. इंग्रज माणूस तो पावाला लावून खातो आणि वर आवडलं म्हणतो. विल्सबाईंनी तो गिरणगावातल्या त्या बायकांना दिला. रक्त भरून आलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा त्या काळ्या लगद्यात नेमकं काय आहे, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. काही वर्षं त्याला नुसतं ‘विल्स घटक’ म्हणत. पुढे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं अमेरिकेत फॉलिक आम्लाचं संश्लेषण केलं. १९९१ मध्ये सात देशांतल्या अभ्यासातून दिसलं, की ज्या आईच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचं व्यंग होतं तिनं गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतलं, तर पुढच्या बाळाचा तो धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. आज जगभर डॉक्टर गर्भवतीला जी गोळी लिहून देतात, तिच्या मुळाशी परळ-लालबागच्या त्या बायका आहेत. भोंगा झाला की पाळीला जाणाऱ्या, पोटुशी, फिकुटलेल्या. आणि ते माकड. मार्माइट पहिल्यांदा चाटताना त्यानं केलेलं तोंडही कुठल्या निबंधात नोंदलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याचा विषय आला आणि सभागृह सावरून बसलं. पुणेकर जगाविषयी शांतपणे ऐकतो, पुण्याविषयी सावधपणे. इथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा गरोदरपणापासून पाठपुरावा केला. सातशेहून अधिक बाळं जन्मली. त्यांची वजनं-मापं झाली, मुलं वाढत गेली, तशी पुन्हा झाली. २००८ साली त्यातून एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फॉलेट (फॉलिक आम्लाच्याच घराण्यातलं) जास्त होतं, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यात इन्शुलिन-रोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट, सर्वांत अधिक दिसला. पालेभाजीनं एक पारडं भरत होतं, दुसरं रिकामंच राहत होतं. त्याच चमूनं पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले मध्यमवयीन पुरुष तपासले, तर ६७ टक्के जणांत बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के! माझ्या रांगेत चुळबुळ झाली. शाकाहाराचा अभिमान आणि बी-१२ ची पातळी यांचं प्रमाण व्यस्त निघाल्यावर माणसानं करावं काय?

याज्ञिकांचा एक फोटो या क्षेत्रात फार गाजलेला आहे. २००४ मध्ये तो ‘लॅन्सेट’मध्ये आला. शेजारी शेजारी दोन शास्त्रज्ञ उभे आहेत, एक स्वतः याज्ञिक आणि दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं सारखं, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर सडपातळ, आतून लठ्ठ. स्वतःची चरबी दशांश चिन्हासकट जगापुढे मांडणाऱ्या माणसाविषयी मला विलक्षण आदर वाटतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात लोक वयसुद्धा खरं सांगत नाहीत.

पण माझं मन त्या सहा खेड्यांतच रेंगाळलं. वर्षानुवर्षं कोणीतरी दारात येतं. किती भाकरी खाल्ली, दूध घेतलं का, भाजी कसली, असं विचारतं. दंडातून रक्त काढतं. ज्याच्यासाठी हे चाललंय तो रोग आज नाही, तो कदाचित पंचवीस वर्षांनी होईल. तरी बाई चूल सोडून बाहेर येते, पदराला हात पुसते आणि आठवून आठवून सांगते. त्या वेळची बाळं पुढे तरणी झाली आणि त्यांनाही एका प्रयोगात रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं, त्यांच्या होणाऱ्या मुलांसाठी. आजी, आई, नातू अशा पिढ्या एका प्रश्नाला उत्तरं देत राहिल्या. पहिल्या दिवशी स्लाइडच्या तळाशी दिसलेली ओळ अशाच माणसांची होती. मोठ्या शोधातही काही माणसं अशी असतात, ज्यांची मात्रा नगण्य आणि गैरहजेरी जीवघेणी. जीवनसत्त्वांबद्दल दोन दिवस जे ऐकलं, ते शेवटी याहून वेगळं नव्हतं.

मात्रा नगण्य म्हणजे किती, ते मी कागदावर मांडून पाहिलं. बी-१२ माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम पुरतं. म्हणजे एक ग्रॅम एका माणसाला अकराशे वर्षांहून अधिक पुरेल. राष्ट्रकूटांच्या अमदानीत कोणी चिमूटभर बी-१२ ची पुडी बांधून घेतली असती, तर ती अजून पुरली असती. आणि या चिमटीची घडण इतकी गुंतागुंतीची, की डोरोथी हॉजकिन यांनी ती क्ष-किरणांनी उलगडली ही त्यांच्या १९६४ च्या नोबेलमागची एक मोठी कामगिरी ठरली. प्रयोगशाळेत हा रेणू जोडायला हार्वर्डचे वुडवर्ड आणि झुरिकचे एशेनमोझर यांना नव्वदच्या वर सहकारी आणि बारा वर्षं लागली. १९७२ मध्ये ते काम तडीस गेलं.

तेच काम शेणामातीतले काही जिवाणू रोज, गुपचूप, कोणतंही अनुदान न मागता करतात. बी-१२ बनवणं ना झाडांना जमतं, ना प्राण्यांना. ते करावं सूक्ष्मजीवांनीच. गाईच्या पोटातले जिवाणू करतात म्हणून ते दुधात येतं. माझी गोळीसुद्धा कुठल्याशा कारखान्यातल्या टाकीत जिवाणूंनीच घडवलेली. आपल्या स्वतःच्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू ते बनवत बसलेले असतात, पण शरीर ते शोषून घेतं त्याआधीच्या लहान आतड्यात. त्यामुळे घरचा माल घरच्यांना मिळत नाही.

समारोपाच्या सत्रात आयोजकांना आभार मानायला माणूस मिळेना. भाचीनं माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली. माझी यादी तयार होती, पण वाचायला घेतली असती तर लोकांची विमानं चुकली असती. त्यात सर्वांत वर कोणाला घालायचं याचाही निकाल लागला होता. मानाची शाल जिवाणूंनाच जायला हवी. अडचण एवढीच होती, की सभागृहाच्या दारात आयोजकांनी सॅनिटायझरची मोठी बाटली ठेवली होती आणि आत येणारा प्रत्येक विद्वान हात चोळत येत होता. प्रमुख पाहुण्यांची अशी व्यवस्था मी कुठल्याही समारंभात पाहिली नव्हती. अर्थात त्यांचं काही अडलं नाही. ते दोन्ही दिवस हजर होते, प्रत्येक प्रतिनिधीच्या पोटात बसून, नोंदणी शुल्क न भरता. आणि पहिल्या दिवशीचे गुलाबजामही त्यांनी सोडले नसणार.